फोन का लागत नाही? मारिया वादळ आणि बेटावरच्या माणसांचा शोध

मागच्या व्याख्यानात आपण हरिकेन तयार कसं होतं ते पाहिलं. आज वादळ येऊन गेल्यानंतरच्या दिवसांकडे वळू. वादळ बेटावर आलेलं असतं आणि घरची माणसं तिथे असतात. आपण मात्र हजारो किलोमीटर लांब असतो आणि फोन लागत नसतो. असं का होतं, आणि मग बातमी पोहोचते तरी कशी? उदाहरण घेऊ प्वेर्तो रिकोचं.

२० सप्टेंबर २०१७ ची पहाट. सव्वासहाच्या सुमाराला मारिया हे वादळ बेटाच्या आग्नेय टोकाला, याबुकोआ गावाजवळ जमिनीवर आलं. वाऱ्याचा वेग होता ताशी सुमारे २५० किलोमीटर. दोनच आठवड्यांपूर्वी इर्मा वादळ बेटाच्या उत्तरेकडून गेलं होतं आणि तेवढ्यानेच लाखो घरांची वीज गेली होती. मारियाने तर सगळ्या बेटाची वीजव्यवस्थाच कोसळली. हवामानखात्याचं रडारसुद्धा वाऱ्याने उडवून नेलं.

बेटावर तेव्हा साधारण ३४ लाख लोक राहत होते. हा अमेरिकेच्या ताब्यातला प्रदेश, त्यामुळे इथले लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर त्यांचे भाऊबंद बेटापेक्षाही जास्त, म्हणजे ५० लाखांच्या वर. न्यूयॉर्क, फ्लोरिडा इथे तर दाट वस्ती. आता विचार करा, एवढी माणसं एकाच दिवशी आईला, मामाला, आजीला फोन लावतायत, आणि पलीकडून रिंगसुद्धा वाजत नाही.

वादळानंतरच्या पहिल्या सरकारी अहवालांत बेटावरची सुमारे ९५ टक्के मोबाइल केंद्रं बंद होती. इथे एक गैरसमज दूर करूया. टॉवर पडले म्हणून फोन बंद झाले, असं आपण सहज म्हणून जातो. काही पडले, हे खरंच. पण टॉवर उभा असूनही मुका होऊ शकतो. त्याला वीज लागते. वीज गेली की बॅटरी काही तास चालते, मग जनरेटर, आणि जनरेटरला डिझेल. रस्त्यावर झाडं आडवी पडली असतील तर डिझेलचा टँकर येणार कुठून? शिवाय टॉवरपासून पुढे आवाज जातो तो फायबरच्या तारेवरून, आणि ती तार बऱ्याच ठिकाणी विजेच्याच खांबांवर टांगलेली असते. खांब गेले की तीही गेली. म्हणजे वीज, रस्ता, डिझेल आणि तार यांतली एक जरी गोष्ट तुटली तरी फोन बंद, आणि इथे तर चारही एकदम तुटल्या होत्या. सान हुआनच्या बंदरात मालाचे कंटेनर पडून राहिले. त्याचं एक कारण असं, की ट्रकचालकांना कामावर बोलवायलाही फोन नव्हता!

मग लोकांनी काय केलं? महामार्गावर जिथे कुठे एखादी काडी रेंज मिळायची तिथे गाड्या थांबवून लोक हात वर करून उभे राहायचे. अशा ठिकाणी बोलण्यापेक्षा लेखी संदेश आधी पोहोचतो. कारण सोपं आहे. बोलण्याला सलग मोकळी वाट लागते; एसएमएस इतका छोटा असतो की तो रांगेत थांबतो आणि क्षणभर फट मिळाली की निघून जातो.

दुसरा आधार होता जुना मध्यम लहरींचा रेडिओ. सान हुआनचं वापा रेडिओ हे ६८० किलोहर्ट्झवरचं केंद्र वादळातही चालू राहिलं. लोक चालत त्या केंद्रावर जाऊन निरोप देत. अमक्या गावचे अमुक ठीक आहेत, तमक्यांची खबर हवी आहे. ज्यांच्या घरी पेटीवर चालणारा ट्रान्झिस्टर शिल्लक होता, त्यांना हे ऐकू यायचं.

तिसरा मार्ग हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा. झाडाला बांधलेली तार आणि मोटारीची बॅटरी एवढ्यावर लघुलहरी आयनांबरावर आपटून हजारो किलोमीटर जातात. मध्ये टॉवर नाही, खांब नाही. अर्थात हाही बेभरवशाचाच. त्याच महिन्यात, ६ सप्टेंबरला, इर्मा ऐन जोरात असताना सूर्यावर मोठी ज्वाला उसळली आणि कॅरिबियनमधल्या लघुलहरी काही वेळ गप्प झाल्या. निसर्गाने दोन्हीकडून कोंडी करावी, तसंच झालं म्हणायचं.

तर रेड क्रॉसची 'सेफ अँड वेल' नावाची इंटरनेटवरची यादी होती. सुखरूप असलेल्या माणसाने त्यात नाव नोंदवायचं आणि नातेवाइकाने नाव व फोन किंवा पत्ता टाकून शोधायचं. कल्पना उत्तम. पण ज्याने नोंद करायची त्याच्याकडेच इंटरनेट नाही! म्हणून रेड क्रॉसच्या विनंतीवरून अमेरिकन रेडिओ रिले लीगने २२ हौशी रेडिओचालक बेटावर पाठवले. निवाऱ्यांमधल्या माणसांची नावं घेऊन त्या यादीत पोहोचवायची, हे त्यांचं एक मुख्य काम. अशा प्रसंगी आधी बेटावरून बाहेर निरोप पाठवायचे आणि बाहेरच्या चौकश्या मागे ठेवायच्या, असा रिवाज आहे. बाहेरच्या माणसाला हे निष्ठुर वाटतं. पण एक चौकशी आत आली तर कुणीतरी चिखलातून जाऊन ते घर शोधायचं, उत्तर आणायचं, परत पाठवायचं. तेवढ्या वेळात बाहेर जाणारे कितीतरी निरोप सुटतात.

समाजमाध्यमांवर त्या दिवसांत लोक आपापल्या गावांची नावं लिहून विचारत होते, इथून कुणाला काही कळलं का? लिन-मॅन्युएल मिरांडा यांचं घराणं मूळचं बेटावरचं. ऑक्टोबरमध्ये त्यांनी मदतीसाठी काढलेल्या गाण्यात बेटाच्या सगळ्या ७८ नगरपालिकांची नावं गुंफली. ती यादी ऐकताना प्रत्येक जण आपल्या गावाची वाट पाहतो, हे कळायला स्पॅनिश यावं लागत नाही.

आता सगळ्यात कठीण भाग. 'ठीक आहे' हा निरोप त्या घटकेपुरता खरा असतो. सरकारी मृत्यूंचा आकडा कित्येक महिने ६४ होता. ऑगस्ट २०१८ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासातून २,९७५ हा अंदाज आला, आणि सरकारने तो स्वीकारला. वादळाच्या दिवसापलीकडे, पुढच्या काही महिन्यांत नेहमीपेक्षा जास्त झालेले मृत्यू यात धरले आहेत. वीज नाही तर प्राणवायूचं यंत्र नाही, डायलिसिस नाही, इन्सुलिन थंड ठेवायची सोय नाही. सगळीकडे वीज परतायला जवळपास ११ महिने लागले. म्हणजे पाचव्या दिवशी फोनवर बोललेली आजी पन्नासाव्या दिवशी नसेल, असंही घडू शकत होतं. जून २०१८ मध्ये सान हुआनच्या विधिमंडळासमोर लोकांनी गेलेल्यांचे जोडे आणून ठेवले, शेकडो जोडे, काहींवर नावांच्या चिठ्ठ्या.

एक प्रश्न आलाय: "आमचं गाव श्रीवर्धनजवळ. निसर्ग वादळात, जून २०२० मध्ये, आम्ही मुंबईत फोन लावत बसलो होतो. आधी काय ठरवून ठेवावं?" चांगला प्रश्न. वादळाच्या पट्ट्याबाहेरचा, समजा नागपूरचा, एकच नातेवाईक नक्की करा. गावातल्याने रेंज मिळताच फक्त त्याला एक एसएमएस करायचा, बाकी सगळ्यांनी त्यालाच विचारायचं. वीस जणांनी वीस फोन गावाकडे लावायचे नाहीत. त्याचा नंबर कागदावर लिहून ठेवा, कारण मोबाइलची बॅटरी संपली की पाठ असलेले नंबर किती, हे तुम्हीच आठवून बघा. आणि घरात कुणाचं रोजचं औषध असेल, तर पहिल्याच निरोपात ते किती दिवसांचं उरलंय तेही लिहायला सांगा.