नंबराची साक्ष

जबलपूरला शस्त्रांची नवलाई नाही. १९०४ सालची गन कॅरेज फॅक्टरी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभा राहिलेला खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना, ५०६ आर्मी बेस वर्कशॉप आणि सगळे ज्याला नुसते 'सीओडी' म्हणतात ते केंद्रीय आयुध भांडार, एवढी खाती या एका शहरात आहेत. भांडारात कोणते शस्त्र आले, कोणाला दिले आणि परत आले का, हा हिशेब नंबरावरच चालतो. त्यामुळे नंबर वाचता आला की शस्त्राचे जन्मसालही कळले, असे सहज वाटते. जुन्या रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत मात्र हे अर्धेच खरे आहे. नंबर शस्त्राची ओळख पटवतो. वय सांगायला त्याला इतर साक्षीदार लागतात.

रिव्हॉल्व्हर रिकामे असल्याची खात्री झाली की पारखी माणूस नंबराआधी मॉडेल पाहतो, कारण काळाची पहिली हद्द तेच आखते. वेब्ली मार्क सहा हे ब्रिटिश सैन्याने मे १९१५ मध्ये स्वीकारले. तेव्हा त्या जातीच्या शस्त्रावर नंबर कितीही लहान असो, ते त्याआधीच संपलेल्या बोअर युद्धातले असूच शकत नाही. मॉडेलच्या नावातले साल मात्र जन्मसाल नव्हे. गांधीहत्येच्या खटल्यातले ६०६८२४ क्रमांकाचे बेरेटा पिस्तूल '१९३४ सालचे' म्हणून वारंवार सांगितले जाते. पण १९३४ हे त्या मॉडेलचे नाव आहे आणि ते मॉडेल पुढे कित्येक वर्षे बनत होते. एखादा नग नेमका कधी घडला हे त्याच्यावरच्या वर्षाच्या ठशावरून ठरते. बेरेटाने त्या काळात इसवी सनासोबत फॅसिस्ट राजवटीचे वर्षही रोमन अंकांत ठोकले आहे.

यावर कोणी म्हणेल की ठसा असेल तर वादच संपला. तसे होत नाही. एनफिल्ड नंबर दोन हे रिव्हॉल्व्हर १९३२ मध्ये सेवेत आले. १९३८ पासून त्याच्या हॅमरचा मागचा काटा काढून टाकलेला नमुना बनू लागला आणि आधीची कित्येक रिव्हॉल्व्हरेही त्याच रूपात बदलून घेण्यात आली. अशा नगात फ्रेम आणि नंबर जुने, तर रूप नंतरचे. दुरुस्तीत सिलिंडर किंवा नळी बदलली गेली तर एकाच शस्त्रावर दोन वेगळे नंबरही सापडतात. म्हणून नंबर कोणत्या भागावर आहे आणि बाकीच्या भागांवरचे नंबर त्याच्याशी जुळतात का, हे पाहिल्याशिवाय साल उच्चारू नये. बाण आणि त्याखाली रोमन 'आय' हा हिंदुस्थान सरकारचा शिक्का असेल तर तो मालकी सांगतो, घडणीची तारीख नव्हे. लष्करी शस्त्र पुढे बाजारात विकताना बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाने ठोकलेला ठसा घडणीच्या बऱ्याच नंतरचा असू शकतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. अमेरिकन कंपन्यांच्या नंबरांचे तक्ते छापलेले आहेत, मग शंका कशाला? स्मिथ अँड वेसनचेच उदाहरण घेऊ. या कारखान्याची एक मालिका एप्रिल १९४२ मध्ये दहा लाखांपर्यंत पोचली, तेव्हा 'व्ही' अक्षर लावून ती पुन्हा एकपासून सुरू झाली. युद्धाच्या अखेरीस सुरक्षेसाठी आतली यंत्रणा बदलली आणि अक्षरे 'एसव्ही' झाली. इथे तक्ता खरोखर उपयोगी पडतो: अक्षर आणि त्यापुढचा आकडा यांवरून काळाचा पट्टा बराच आखडता येतो. पण फ्रेमवर नंबर पडण्याचा क्रम आणि माल कारखान्याबाहेर जाण्याचा क्रम एक नसे. आधी नंबर पडलेली फ्रेम मागे राही, नंतरची पुढे निघून जाई. तक्ता अंदाज देतो. एका विशिष्ट नगाची रवानगी सांगते ती कंपनीची नोंदवही. म्हणून प्रामाणिक उत्तर 'या वर्षाआधी नाही आणि त्या वर्षानंतर नाही' असे येते. संग्राहकाला हे उत्तर अपुरे वाटेल, पण पुराव्याबाहेर जाऊन सांगितलेल्या नेमक्या तारखेपेक्षा ते भरवशाचे आहे.

ही काटेकोर पारख केवळ हौशीची नाही, हे आपला कायदाच दाखवतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे आठवे कलम नंबर खोडायला किंवा बदलायला मनाई करते. खोडलेल्या नंबराचे शस्त्र ज्याच्याकडे सापडेल त्यानेच तो खोडला, असे उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरते. पंचेचाळिसावे कलम जुनाट किंवा पुरातन मोलाच्या शस्त्रांना सूट देते, पण शस्त्र दुरुस्त करूनही चालणार नसेल तरच. म्हणजे आजोबांच्या पेटीतले वेब्ली शंभर वर्षांचे ठरले तरी एवढ्याने परवान्यातून सुटका नाही. २०१८ मध्ये बिहारमधल्या मुंगेरला सापडलेल्या एके-४७ रायफलींचा माग जबलपूरच्या सीओडीपर्यंत आला. अशा तपासात शस्त्र कधी घडले याला फारसे महत्त्व नसते. ते कोणाच्या ताब्यातून निसटले हे शोधायचे असते. नंबराची खरी ताकद तिथे आहे, कारण तो मुळातच ताब्याचा हिशेब ठेवण्यासाठी ठोकलेला असतो. वयाचा निवाडा करताना त्याची साक्ष जरूर घ्यावी, पण मॉडेल, ठसे आणि नोंदवही यांनी ती उचलून धरली तरच साल लिहावे. नाहीतर दोन सालांमधले अंतर तसेच मोकळे ठेवावे.