संगणकाचाही डोस चुकवू नका

उमरखेड किंवा वणीहून पहाटेची एसटी पकडून यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात येणाऱ्या रुग्णाचा पहिला थांबा म्हणजे केसपेपरची खिडकी. आतला संगणक बंद पडला, की बाहेरची रांगही थांबते. म्हणूनच ‘अपडेट करा’ ही सूचना रोज पुढे ढकलणे धोक्याचे.

मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एक भगदाड बुजवणारे अपडेट दिले. अनेकांनी ते टाकलेच नाही. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ त्याच भगदाडातून शिरला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत शस्त्रक्रियांसह सुमारे १९ हजार अपॉइंटमेंट रद्द झाल्याचा अंदाज आहे.

याच्या उलट धडा १९ जुलै २०२४ चा. क्राउडस्ट्राइकचे सदोष अपडेट एकाच वेळी जगभर गेले आणि सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले.

मग करावे काय? औषधाचाच नियम लावावा: डोस चुकवू नये, पण नवे औषध आधी थोड्यांवर तपासावे. अपडेटची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे द्यावी. आधी माहितीची प्रत वेगळी काढावी. अपडेट प्रथम दोन-तीन संगणकांवर टाकून एक-दोन दिवस पाहावे. मग ओपीडी संपल्यावर बाकीच्यांवर टाकावे. एक्सरे किंवा प्रयोगशाळेच्या यंत्राला जोडलेल्या संगणकाबाबत यंत्राच्या कंपनीला आधी विचारावे. विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. असे संगणक शोधून बदलावेत.

आणि खिडकीवर कागदी रजिस्टर तयार असावेच. संगणक थांबला तरी उपचार थांबता कामा नयेत.