कण्यातली सुई: आराम किती, भरवसा किती?



शिवारफेरीला आलो की बांधावर पिकाइतकीच चर्चा दुखण्यांची होते आणि त्यात कमरेचा नंबर पहिला. हल्ली हमखास एक प्रश्न येतो : "साहेब, डॉक्टर पाठीच्या कण्यात इंजेक्शन घ्या म्हणतात. घेऊ का?" शेजारचा एक सांगतो, माझा पाय मोकळा झाला. दुसरा म्हणतो, पैसे पाण्यात गेले. तिसरा भीती घालतो, जन्माचा अधू होशील! मी काही डॉक्टर नव्हे. सुई घ्यायची की नाही, हे तपासणाऱ्या डॉक्टरांनीच सांगावे. पण त्यांना काय विचारायचे, हे आपल्याला ठाऊक असायला हवे.

ही सुई कशासाठी?

दोन मणक्यांच्या मध्ये मऊ गादी असते. ती बाहेर आली की शेजारची नस दबते आणि सुजते. ठिबकच्या नळीवर दगड पडला तर पाणी पुढच्या झाडाला कमी पडते. तसेच इथे : बिघाड कमरेत आणि कळ पोटरीत. पाय दुखतो आणि डॉक्टर सुई कमरेत देतात, तेव्हा 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' असे वाटते. पण आग खरोखर कमरेतच असते. मिक्स्टर आणि बार या अमेरिकन डॉक्टरांनी 1934 मध्ये हा संबंध जगापुढे मांडला.

या सुईतून सूज उतरवणारे स्टिरॉइड, बहुधा भुलेच्या औषधाबरोबर, त्या नसेजवळ सोडतात. गावच्या दवाखान्यात कमरेखाली टोचतात ते साधे इंजेक्शन वेगळे. सिझेरियनच्या वेळी पाठीत देतात ती भूलही वेगळी. "त्या सुईनेच माझी कंबर धरली" असे पुष्कळ भगिनी म्हणतात. पण बाळंतपणातल्या अशा सुईने कायमची कंबरदुखी लागते, असे अभ्यासात दिसलेले नाही.

तिघांचे तीन अनुभव

माझ्या ओळखीचे एक ऊसवाले शेतकरी. कमरेपासून घोट्यापर्यंत कळ, रात्रीची झोप गेलेली. सुई घेतली त्या संध्याकाळी पाय हलका झाला, दुसऱ्या दिवशी दुखणे परत आले. कारभारीण म्हणाली, फसलो. पण पाचव्या दिवसापासून खरा उतार पडला. यात फसवणूक नव्हती. भूल काही तासांत उतरते. स्टिरॉइडचा गुण यायला काही दिवस लागतात. पुढे तिसऱ्या आठवड्यात, आता बरे वाटते म्हणून, त्यांनी डीएपीची 50 किलोची पोती एकट्याने उतरवली आणि दुखणे पुन्हा जागे झाले. सूज उतरली होती, गादी जागेवर गेली नव्हती.

दुसरा अनुभव खुरपणीला जाणाऱ्या एका भगिनीचा. पायात कळ नाही, फक्त कंबर दुखते. सुईने त्यांना काही फरक पडला नाही. नुसत्या कंबरदुखीत या सुईचा भरवसा कमीच. रोजचा व्यायाम आणि वाकण्याऐवजी उभ्याने सायकल कोळपे, यांनी त्यांना हळूहळू आराम पडला.

तिसरे सत्तरीतले आजोबा. चार पावले चालले की पाय जड, बसले की मोकळे. वयाने कण्यातली वाट अरुंद होते, त्याचे हे लक्षण. सुईचा गुण थोडेच दिवस टिकला आणि मधुमेह असल्याने साखर मात्र चढली. अशाच 400 रुग्णांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. स्टिरॉइड घेतलेले आणि नुसती भूल घेतलेले, यांच्यात सहा आठवड्यांनी फारसा फरक आढळला नाही.

मग घ्यावी की नाही?

दबलेल्या नसेचे नवे दुखणे बहुतेकांचे काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत आपोआप कमी होते. तो काळ असह्य झाला तर सुईने काहींना थोडा आराम मिळतो. तीन महिन्यांहून जुन्या दुखण्यात मात्र ही सुई सरसकट देऊ नये, असा सल्ला 2025 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील तज्ज्ञांच्या गटाने दिला. सगळ्याच डॉक्टरांना तो मान्य नाही. म्हणून गोठ्यातले जनावर विकण्याआधी स्पष्ट विचारा : माझे दुखणे नसेचे आहे का? आराम किती दिवस टिकेल? एकूण खर्च किती? सुई न घेता थांबलो तर काय होईल?

मधुमेह, रक्त पातळ करण्याची गोळी, ताप, अंगावरची जखम, गर्भारपण, यांतले काहीही लपवू नका. रक्ताची गोळी आपल्या मनाने बंदही करू नका. सुई निर्जंतुक खोलीतच घ्यावी. अमेरिकेत 2012 मध्ये बुरशी लागलेल्या औषधाच्या अशा सुयांनी साडेसातशेच्या आसपास लोक आजारी पडले आणि साठाहून अधिक दगावले. असे प्रकार विरळा, पण म्हणूनच सावधगिरी हवी.

सुईनंतर ताप, मान आखडणे किंवा उठून बसल्यावर जोराची डोकेदुखी झाली तर लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि सुई घेतलेली असो वा नसो, पायातली ताकद जाऊ लागली, लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर सकाळची वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठा. तिथे उशीर झाला तर अपंगत्व कायमचे राहू शकते.

सुईने मिळालेला आराम म्हणजे पावसाने दिलेली उघडीप. तेवढ्यात कामे उरकायची असतात. या दिवसांत डॉक्टरांनी दाखवलेला व्यायाम सुरू करा, थोडे थोडे चालणे वाढवा. 16 लिटरचा पाठीवरचा पंप भरला की वीस किलोच्या घरात जातो. तो अर्धाच भरा, नाहीतर त्या हंगामापुरता घरातल्या दुसऱ्याच्या पाठीवर द्या. पोते दोघांनी उचला. आणि मुलांनो, वडील "काही होत नाही" म्हणत पोत्याला हात घालतील, तेव्हा दुसऱ्या बाजूला तुम्ही उभे राहा.