नकाशावरचे प्रदेश ठरतात कसे?

महाबळेश्वर आणि दहिवडी ही दोन्ही गावे सातारा जिल्ह्यातली. सरळ रेषेत मोजले तर त्यांच्यातील अंतर सुमारे शंभर किलोमीटर. मात्र महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर दहिवडीच्या वाट्याला जेमतेम पाचशे मिलीमीटरच्या आसपास येतो. महसुली नकाशावर दोन्ही गावे पुणे विभागात, राजकीय चर्चेत दोन्ही 'पश्चिम महाराष्ट्रा'त आणि हवामान खात्याच्या लेखी दोन्ही 'मध्य महाराष्ट्रा'त. या तिन्हीपैकी कोणत्याही नकाशावरून दहिवडीच्या शेतकऱ्याचे दुःख कळत नाही. भूगोलतज्ज्ञांना मग वेगळा नकाशा काढावा लागतो. तो काढताना नेमके काय केले जाते, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण निधी, पाणी आणि पीकविमा यांचे वाटप शेवटी कुठल्या ना कुठल्या रेषेवरच अवलंबून असते.

प्रदेश ही डोंगर किंवा नदीसारखी जमिनीवर आयती सापडणारी वस्तू नव्हे, ही बाब आधुनिक भूगोलात फार पूर्वी मान्य झाली आहे. अमेरिकी भूगोलज्ञ रिचर्ड हार्टशोर्न यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याची विस्ताराने चर्चा केली होती. अभ्यासक एखादा प्रश्न मनात धरतो, त्यासाठी निकष ठरवतो आणि त्या निकषाला उतरणारा सलग भूभाग वेगळा काढतो. प्रश्न बदलला की प्रदेशही बदलतो.

ढोबळमानाने प्रदेशांचे तीन प्रकार मानले जातात. पहिला समरूप प्रदेश. पाऊस, माती, पीक किंवा भाषा यांपैकी एखादे लक्षण ज्या भूभागात बऱ्यापैकी सारखे आढळते तो. दुसरा कार्यात्मक प्रदेश. येथे सारखेपणा नव्हे, तर संबंध पाहिला जातो. कसारा आणि कर्जत यांचे निसर्गतः मुंबईशी फारसे साम्य नाही. पण रोज पहाटेच्या लोकलने कामावर निघणारा माणूस त्यांना महानगराशी बांधून टाकतो. नदीचे खोरे हाही याच जातीचा प्रदेश. तिसरा प्रकार लोकांच्या मनातला. खानदेश नावाचा जिल्हा १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असा विभागला गेला, पुढे ती नावेही कागदावरून गेली. तरी जळगाव, धुळे, नंदुरबारचा माणूस स्वतःला खानदेशीच म्हणवतो. ज्या बुऱ्हाणपुरातून एकेकाळी खानदेशाचा कारभार चाले, ते शहर आज मध्य प्रदेशात आहे, हा भाग वेगळा.

प्रत्यक्ष नकाशा काढताना पहिली अडचण रेषेची असते. पर्जन्यमापक यंत्रे ठरावीक ठिकाणीच असतात. त्यांच्या दीर्घकालीन सरासरी नोंदी नकाशावर मांडून, मधल्या जागेतील पावसाचा अंदाज बांधून समपर्जन्य रेषा काढल्या जातात. त्यांवर मातीचा, उंचीचा, तापमानाचा थर चढवला जातो. पूर्वी हे काम पारदर्शक कागद एकमेकांवर ठेवून होत असे, आता संगणकावर होते. नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन संस्थेने देशाचे २० कृषी-पर्यावरणीय प्रदेश ठरवताना असेच थर वापरले. पिकाच्या वाढीला पुरेल इतका ओलावा जमिनीत वर्षातून किती दिवस टिकतो, हा त्यातला कळीचा निकष होता. केवळ पावसाच्या आकड्यापेक्षा हा निकष अधिक शहाणपणाचा म्हणावा लागेल. कारण तेवढाच पाऊस काळ्या खोल जमिनीत आणि मुरमाड माळावर सारखा उपयोगी पडत नाही.

महाराष्ट्राचे शेतीच्या दृष्टीने नऊ कृषी-हवामान विभाग केलेले आहेत. त्यांत पश्चिम घाटाचा एक पट्टा आहे, त्याच्या पूर्वेला संक्रमणाचे दोन पट्टे आणि त्यानंतर अवर्षणप्रवण विभाग. पाऊस एका रेषेवर थांबत नाही, तो हळूहळू ओसरत जातो, ही कबुली 'संक्रमण' या शब्दातच आहे. अवर्षणप्रवण विभाग नाशिक, अहिल्यानगरपासून पुणे, सातारा, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांच्या पूर्व भागांतून जातो आणि बीड, धाराशिवच्या काही भागांपर्यंत पोहोचतो. म्हणजे तो नाशिक, पुणे आणि छत्रपती संभाजीनगर अशा तीन महसुली विभागांत पसरलेला आहे. दुष्काळ आयुक्तालयांच्या हद्दी पाळत नाही.

दुसरी अडचण एककाची, आणि ती अधिक गंभीर. आकडेवारी जिल्ह्याची घ्यायची, तालुक्याची की गावाची? हवामान खात्याने महाराष्ट्रासाठी चार उपविभाग मानले आहेत : कोकण व गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. ते जिल्ह्यांच्या हद्दींनी बांधलेले असल्याने लोणावळा, महाबळेश्वर आणि सोलापूर एकाच सरासरीत येतात. ती सरासरी प्रत्यक्षात कुठेही पडत नाही. पुणे, सातारा, कोल्हापूरच्या घाटक्षेत्रासाठी पावसाचा वेगळा इशारा आता दिला जातो, तो यामुळेच.

एकक बदलले की प्रदेश कसा बदलतो, याचे ठळक उदाहरण पश्चिम घाटाचे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २०११ च्या अहवालासाठी सुमारे नऊ बाय नऊ किलोमीटरचे चौकोन आखून प्रत्येकाला पर्यावरणीय महत्त्वानुसार गुण दिले. कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये उपग्रहचित्रांवरून नैसर्गिक भूभाग वेगळा काढला आणि गाव हे एकक धरले. गावाचे २० टक्के किंवा अधिक क्षेत्र संवेदनशील असेल, तर सगळे गाव यादीत. डोंगर तेच, तरी दोन नकाशे निघाले आणि त्यांवरून सह्याद्रीच्या गावागावांत वादळ उठले. हा टक्का २० ऐवजी ३० असता तर यादी निराळी झाली असती, हे त्या वादात फारसे कोणी बोलले नाही.

राज्याच्या राजकारणात सर्वाधिक वजन मात्र वेगळ्याच रेषांना आहे. मराठवाडा म्हणजे हैदराबाद संस्थानातील मराठी मुलूख. विदर्भ म्हणजे पूर्वीच्या मध्य प्रांत व वऱ्हाडातला. १९५६ मध्ये हे भाग मुंबई राज्यात आले आणि राज्यघटनेच्या ३७१ (२) या कलमात विदर्भ, मराठवाडा व 'उर्वरित महाराष्ट्र' असे तीन भाग नोंदले गेले. 'उर्वरित' हे भूगोलाच्या दृष्टीने मोठे विलक्षण नाव आहे. त्या प्रदेशाचे स्वतःचे लक्षण कोणतेच नाही. जे इतर दोघांत नाही ते येथे. परिणामी सावंतवाडी, नंदुरबार आणि जत एका प्रदेशात बसतात.

या ऐतिहासिक रेषा निरर्थक आहेत, असे नाही. वेगळ्या राजवटींनी रस्ते, शाळा, पाटबंधारे यांवर वेगवेगळा खर्च केला आणि त्याच्या खुणा राहिल्या. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये नेमलेल्या सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये त्या मोजल्या. जिल्हा हे एकक मानून, राज्याच्या सरासरीपेक्षा जो जिल्हा ज्या क्षेत्रात जितका मागे, तितका त्याचा अनुशेष, अशी ती पद्धत होती. एकूण अनुशेष सुमारे तीन हजार १८७ कोटी रुपयांचा निघाला आणि त्यातील सुमारे ३७ टक्के हा 'उर्वरित' महाराष्ट्राचा होता. पण जिल्ह्याच्या आत डोकावण्याची सोय त्या पद्धतीत नव्हती. महाबळेश्वर आणि दहिवडी तिथे पुन्हा एकाच आकड्यात मिसळली.

या गोंधळात सापडलेला मुलूख म्हणजे माणदेश. माण नदी सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात उगम पावते, सांगलीच्या आटपाडी तालुक्यातून सोलापूरच्या सांगोल्याकडे जाते आणि पुढे भीमेला मिळते. पावसाच्या नकाशावर हा एक प्रदेश आहे. नदीखोऱ्याच्या नकाशावरही तो एक आहे. लोकांच्या मनात तर आहेच. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं'ने ते नाव घरोघरी पोहोचवले. भूगोलातले तिन्ही निकष एकाच भूभागावर येऊन जुळावेत, असे क्वचित घडते. तरीही प्रशासनाच्या नकाशावर माणदेश तीन जिल्ह्यांत वाटलेला आहे आणि तिन्ही ठिकाणी तो ऊसपट्ट्याला किंवा मोठ्या धरणाला लागून असलेला कोरडा कोपरा ठरतो.

गोदावरीच्या खोऱ्यात याच प्रश्नाला कायद्याने उत्तर शोधले गेले. नाशिक व अहिल्यानगर वरच्या बाजूला, जायकवाडी खाली. अनुशेषाच्या नकाशावर हे दोन परस्परविरोधी प्रदेश आहेत, नदीसाठी एकच. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्याने टंचाई संपूर्ण खोऱ्यात सारखी वाटून घेण्याचे तत्त्व मान्य केले. त्याच आधारे २०१५, २०१८ आणि २०२३ मध्ये वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडण्याचे आदेश निघाले. प्रत्येक वेळी विरोधही झाला.

हवामानाच्या नोंदींत एकक आता बरेच खाली आले आहे. 'महावेध' प्रकल्पात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आणि प्रमुख पिकांच्या विम्यासाठीही मंडळ हे एकक धरले गेले. विकास निधीच्या रेषा मात्र तेवढ्या हललेल्या नाहीत. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या तीन वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, तरी 'विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित' ही भाषा कायम आहे.

माणदेशात सध्या चर्चा असते ती आणखी एका नकाशाची. कराडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून ते सातारा, सांगली, सोलापूरच्या कोरड्या तालुक्यांना देणाऱ्या योजनेचे लाभक्षेत्र या नकाशावर दाखवलेले आहे. पाणी किती उंचीवर चढवता येईल आणि किती उपलब्ध आहे, यावर त्याची सीमा ठरते. त्या सीमेच्या अलीकडचे शिवार भिजते, पलीकडचे राहते. आणि बाहेर राहिलेल्या गावांची रेषा पुढे सरकवण्याची मागणी वर्षानुवर्षे होत आली आहे.