विषाणू चालतो, लस धावते

एक कोडं सोडवा पाहू! गोवराची लस गोवर होण्याआधी टोचतात. पोलिओचा डोसही आजाराच्या आधीच. मग कुत्रा चावल्यावर घेतलेली रेबीजची लस उपयोगी कशी पडते? विषाणू तर तोवर अंगात शिरलेला असू शकतो!

उत्तर आहे या विषाणूच्या चालीत. आकार बंदुकीच्या गोळीसारखा, आणि इतका चिमुकला, की एका मिलिमीटरच्या रांगेत पाच हजारांहून जास्त मावतील. त्याला जायचं असतं मेंदूत. पण तो रक्तातून जात नाही. जखमेजवळच्या मज्जातंतूत शिरतो आणि आतल्या आत वर सरकतो, दिवसाला फार तर काही सेंटीमीटर! म्हणून आजार दिसायला बहुधा काही आठवडे, कधी काही महिने लागतात. तेवढ्या वेळात लस आपल्या शरीराला विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं बनवायला शिकवते. शर्यतच ही! मात्र चेहऱ्यावर किंवा डोक्यावर चावा बसला, तर मेंदू जवळ असतो, वेळ कमी उरतो. आणि विषाणू एकदा मेंदूत पोचला, आजार दिसू लागला, की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही.

ही शर्यत जिंकता येते, हे जगाला दाखवलं लुई पाश्चर यांनी. 6 जुलै 1885 रोजी पॅरिसमध्ये, पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या 9 वर्षांच्या जोसेफ माइस्टरला त्यांची लस टोचायला सुरुवात झाली. जोसेफ वाचला!

आता आपल्या नागपूरजवळच्या बेसाकडे या. इथल्या लेआउटमध्ये, रिकाम्या प्लॉटवर तुम्ही खेळता, तिथेच कुत्रीही असतात. जेवणाऱ्या, झोपलेल्या कुत्र्याला किंवा पिल्लांजवळच्या कुत्रीला छेडू नका. कुत्रा अंगावर आला तर पळू नका; हात अंगाशी धरून स्तब्ध उभे राहा.

तरीही चावला तर? लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली जखम साबणाने पूर्ण 15 मिनिटं धुवा. विषाणूभोवती चरबीचं पातळ आवरण असतं, साबण ते मोडून टाकतो. मिरची, हळद, चुना काहीही लावू नका. मग त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही मोठी सरकारी रुग्णालयं आहेतच. रक्त आलं असेल, तर जखमेत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही देतात. आजी-आजोबांना पोटातली चौदा इंजेक्शनं आठवत असतील, पण ती पद्धत आता गेली. सरकारी दवाखान्यात लस बहुधा दंडावर देतात: पहिल्या दिवशी, नंतर 3, 7 आणि 28 दिवसांनी. एकही डोस चुकवू नका.

कुत्र्यांनाही लस हवी. वस्तीतल्या 70 टक्के कुत्र्यांना ती मिळाली, तर रेबीजची साखळी तुटते. गोव्याने कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस टोचली, शाळाशाळांतून मुलांना शिकवलं आणि 2021 मध्ये ते देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं.

शेवटी सगळ्यांत महत्त्वाचं. कुत्रा, मांजर किंवा माकड चावलं, नुसतं ओरखडलं, अगदी लहानसं पिल्लू असलं, तरी घरी लगेच सांगा. आई-बाबा रागावतील म्हणून लपवू नका. तुम्ही सांगितलंत, तरच लस वेळेवर धावू शकेल!