दुखत नाही, म्हणून सोडून दिलेली जखम

अब्बांच्या तळव्याची जखम आम्हाला प्रथम कळली ती जानमाजवरून. फजरनंतर ती उचलताना पायाच्या जागी ओलसर डाग दिसला. “काही दुखत नाही,” अब्बा म्हणाले. त्यांच्या या शब्दावर आम्ही तीन आठवडे हळद-तेल लावत काढले. मधुमेहाला तेव्हा चौदा वर्षे झाली होती.

साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. चपलेचा दाब, बुटातला खडा कळत नाही. दाबाच्या जागी घट्टा धरतो, त्याखालचे मांस चेचले जाते आणि एके दिवशी कातडी फुटते. वेल्लोरला १९४६ पासून काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांबाबत हेच दाखवून दिले होते. पाय आपोआप झडत नाहीत. वेदना कळत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो.

एरवी जखम झाली की रक्त गोठते, पांढऱ्या पेशी जंतू आणि मेलेले मांस साफ करतात. मग तळातून लाल, दाणेदार मांस भरत येते आणि कडांकडून नवी कातडी सरकते. मधुमेहात ही सारी कामे मंदावतात. पायाला रक्त कमी पोहोचत असेल तर आणखीच. त्यात प्रत्येक पावलागणिक नवे मांस पुन्हा चिरडते.

डॉक्टरांनी घट्टा कापला, साखर आटोक्यात आणली आणि त्या पायावर भार देऊ नका म्हणून बजावले. औषधापेक्षा हेच अवघड गेले. अब्बा मस्जिदीत चालत जाण्याचा हट्ट सोडेनात. शेवटी इमामसाहेबांनी घरी येऊन समजावले, की खुर्चीवर बसून नमाज होते आणि वजू करताना पट्टीवर मसह चालतो. जखम भरायला चार महिने लागले. भरलेली जागा पूर्वीइतकी मजबूत कधीच होत नाही, म्हणून मऊ तळाच्या चपला आता घरातसुद्धा.

वजूमुळे पाय दिवसातून पाच वेळा हाताखाली येतात, पण तळवा कोण पाहतो? बोटांमधली ओल टिपावी, नाहीतर चिखल्या होतात. पाणी किती गरम आहे ते पायाने नव्हे, कोपराने पाहावे. पाय लाल झाला, सुजला, काळवंडला किंवा वास येऊ लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आमच्याकडे इशानंतर अम्मी आरसा घेऊन बसते. अब्बा कुरकुरतात, आणि पाय पुढे करतात.