हरवलेल्या पैशाचा हिशेब

आभासी नाण्याच्या मोहांत फसलेल्या गृहस्थाचें दुःख दुहेरी असतें: पैसा गेला हें एक, आणि आपण फसलों हें दुसरें. या दुःखाचा निचरा व्हावयाचा तर खरोखर गेलें किती, याचा हिशेब प्रथम नीट मांडावा लागतो. ‘वनकॉइन’चा इतिहास त्या कामीं उपयोगी पडतो.

२०१४ सालीं बल्गेरियाच्या राजधानींत, सोफिया येथें, रुजा इग्नाटोव्हा व कार्ल ग्रीनवुड यांनीं ही योजना काढली. शिक्षणक्रमाचा संच विकत घेणारास नाणीं मिळत, आणि नवीं गिऱ्हाइकें आणून देणारास दलाली. बिटकॉइनसारख्या चलनाची खातेवही कोणासही तपासतां येते व त्याचा भाव देवघेवींतून ठरतो. वनकॉइनची तशी उघडी वही नव्हती. भाव चालकच आपल्या मर्जीनें ठरवीत. त्यामुळें ०.५० युरोवर सुरू झालेलें नाणें २०१९ च्या जानेवारींत सुमारें २९.९५ युरोवर पोंचल्याचें दाखविलें जात होतें. इग्नाटोव्हा तर त्यापूर्वींच, २०१७ च्या ऑक्टोबरांत, विमानानें अथेन्सला जाऊन बेपत्ता झाल्या होत्या. त्याच वर्षीं एप्रिलांत नवी मुंबईंतही योजनेच्या प्रचारकांना एका सभेंतून अटक झाली होती. अमेरिकन सरकारी वकिलांच्या हिशेबानें जगभरच्या लोकांचे ४ अब्ज डॉलरांहून अधिक यांत बुडाले. २०२३ सालीं ग्रीनवुड यास २० वर्षांची शिक्षा झाली.

तेव्हां, समजा, एखाद्यानें २ लाख रुपये भरले व पडद्यावर १० लाख पाहिले, तर त्याचे गेले ते २ लाखच. उरलेले ८ लाख कधीं अस्तित्वांतच नव्हते. जो १० लाखांसाठीं हळहळतो, त्याला ते परत मिळवून देण्याचें आमिष दाखविणारा दुसरा ठक गांठतो, आणि आधीं ‘शुल्क’ मागतो. पहिली जखम भरण्यापूर्वींच तेथें दुसरा घाव बसतो.

लाजेचा भाग याहून अवघड. अशा योजना बहुधा मेहुणा, शेजारी, जुना सहकारी यांच्या तोंडून घरांत येतात. नाण्यापेक्षां माणसावरच विश्वास ठेवलेला असतो. तसा विश्वास टाकणें हा कांहीं गुन्हा नव्हे. परंतु नुकसान पत्नीमुलांपासून लपविल्यास ठकाचेंच काम सोपें होतें, आणि शेजारचें घरही त्याच वाटेनें जातें. रक्कम गेल्याचें कळतांच १९३० या क्रमांकावर तक्रार केल्यास ती वाटेंत अडविली जाण्याचा संभव असतो. विलंबानें तो घटत जातो.

मग उरतें तें घरांतलें काम. जमाखर्चाच्या वहींत २ लाखांची रक्कम ‘बुडीत’ म्हणून तारखेसह लिहावी, आणि किराणा, शाळेची फी, विम्याचा हप्ता यांचे पुढील आंकडे तिच्याखालीं मांडावेत. शिल्लक कमी दिसेल; पण ती खरी असेल.